पांघरुणाबाहेरचे पाय

“तुम्ही अजूनही पाय पांघरुणाबाहेर काढून झोपता का हो?” एक्स-रेवाली बाई सहज विचारून गेली, आणि वाक्य संपता संपता तिनंच जीभ चावली.

समुपदेशन केंद्राच्या त्या खोलीत दोघीच होत्या, ही बाई आणि तिचं ऐकून घेणारी शिकाऊ समुपदेशक. दोन सारख्या खुर्च्या, मध्ये कागदी रुमालांचा डबा, क्लायंटच्या पाठीमागे लावलेलं घड्याळ. खुर्च्या समोरासमोर नव्हत्या, किंचित तिरक्या होत्या, कारण समोरासमोर बसवलं की माणसाला चौकशी चालल्यासारखं वाटतं, असं पहिल्याच वर्षी शिकवलेलं होतं. त्या शिकाऊ मुलीला अशी कारणं आवडत. खुर्ची तिरकी का, तर त्याचंही उत्तर आहे, या गोष्टीचा तिला आधार वाटे. आताही तिनं शिकवल्याप्रमाणे चेहरा जागेवर ठेवला, शिकवल्याप्रमाणे एक श्वास जाऊ दिला आणि शिकवल्याप्रमाणेच विचारलं, “हा प्रश्न आत्ता मनात का आला असेल, असं तुम्हाला वाटतं?” आवाज ठीक निघाला. पण बुटांच्या आत तिच्या पायांची बोटं आखडून गेली, जणू कुणीतरी खरंच पांघरूण ओढून ती उघडी केली होती. पाय झाकले की गुदमरतं, हे तिचं लहानपणापासूनचं खूळ. थंडीत आई मोजे घालून द्यायची आणि ही झोपेत ते काढून टाकायची. ही गोष्ट जगात एकाच माणसाला माहीत होती, आणि ते माणूस आत्ता घरी खिडकीतल्या कुंड्यांशी बोलत बसलं असणार होतं.

“माझं चुकलं,” बाई म्हणाली. “सांगणारच होते. दर खेपेला ठरवून येते आणि जीभ उचलत नाही. तुमच्या आई आणि मी मैत्रिणी आहोत. फोनवरच्या. निवडुंगवाल्यांचा ग्रुप आहे ना, त्यातल्या. इथे यायला लागायच्या कितीतरी आधीपासून. मला काय माहीत तुम्ही त्यांच्या कोण ते? मध्ये त्यांनी फुलाचा फोटो टाकला, त्यात मागे तुम्ही होतात. तोंडात टूथब्रश.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?” हा प्रश्न कुठल्याच पुस्तकातला नव्हता.

“सांगितलं असतं तर तुम्ही दोघींपैकी एकीला काढून घेतलं असतंत माझ्याकडून,” बाई म्हणाली. तिच्या बोलण्यात अपराधीपणा थोडा आणि हट्ट जास्त होता. दिवसभर लोकांना यंत्रापुढे उभं करून ‘श्वास घ्या, रोखा, हलू नका’ म्हणणारी ही बाई, बहीण गेल्यापासून स्वतःचाच श्वास अडकतो म्हणून इथे आली होती. सुरुवातीला ती दाराजवळची खुर्ची मागायची. आताशा मागत नव्हती.

पुढे काय विचारायचं नाही, हे समुपदेशक म्हणून तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं तेच विचारलं. “आणखी काय काय सांगितलंय आईनं?”

“खारू म्हणतात तुम्हाला. लहानपणी खाऊ गादीखाली लपवायचात म्हणून.” मग बाई खाली रुमालांच्या डब्याकडे बघत म्हणाली, “आणि ते वर्ष. पडदे लावून बसायचात ते. खरं सांगू? ऐकून मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.”

केंद्रातून बाहेर पडताना लिफ्टमध्ये आरसा होता. तिनं त्यात पाहिलं नाही. तिला राग आला होता आणि तो नेमका कुणाचा, हे ठरत नव्हतं, म्हणून तो सगळ्या अंगभर हिंडत होता. ऑनलाइन वागणुकीवरच्या व्याख्यानात वर्गातले बाकीचे पेंगत असताना तिनं शब्दन् शब्द उतरवून घेतला होता. क्लायंट तुमचं नाव शोधणारच, काय सापडावं ते तुम्ही ठरवा. क्लायंटला तुम्ही शोधायचं नाही, कुतूहल आवरा. त्याच संध्याकाळी तिनं आपली सगळी खाती एकेक करून बंद केली होती. कॉलेजातले फोटो, नाचाचा एक व्हिडिओ, कुणाच्या तरी कवितेखाली लिहिलेलं ‘अगदी अगदी’. जे एक खातं कामासाठी ठेवलं त्यावर तिच्या चेहऱ्याऐवजी एका गुळगुळीत दगडाचा फोटो होता. मग प्रयोगशाळेत गळती तपासतात तशी ती मधून मधून दुसऱ्यांच्या फोनवरून स्वतःचं नाव शोधून बघे. काहीच सापडत नसे. तिच्या वर्गातला दाढीवाला म्हणाला होता, “अगं, तू इंटरनेटवरून वारलीस की काय? निदान फुलं वाहायला तरी जागा ठेव.” ती हसली होती, पण मनातून तिला अभिमानच वाटला होता. आणि इतकी बंदिस्त केलेली ती, तोंडात टूथब्रश धरून, आईच्या निवडुंगामागे उभी होती. कोण जाणे किती लोकांच्या फोनमध्ये.

मानसशास्त्राकडे येण्याआधी ती जीवशास्त्र शिकत होती. कांद्याच्या आतला पापुद्रा काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला पेशींपेक्षा पेशींच्या कडा आवडल्या होत्या. या भिंतींना आतून चिकटून एक पातळ पटल असतं, ते निवडतं, कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, असं सर म्हणाले, आणि तिला वाटलं होतं, असं असावं आपण. त्यानंतरच्याच वर्षी तिच्या कडा विरघळल्या. कशानं, ते तिला आजही सांगता आलं नसतं. रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाचं दुःख विचारल्याशिवाय आत शिरायला लागलं. मग ती खोलीत गेली, पडदे ओढले आणि जवळजवळ वर्षभर तिथेच राहिली. नंतर औषधं, नंतर एक शांत आवाजाचे डॉक्टर, नंतर उन्हात खुर्ची टाकून बसणं. ते वर्ष तिनं घडी घालून आत कुठेतरी ठेवलं होतं. गादीखाली ठेवलेल्या खाऊसारखं, असं आता त्या बाईमुळे मनात आलं आणि तिला आणखीच चीड आली. क्लायंटची एक ओळ बाहेर गेली तर आमची नोंदणी रद्द होते. आणि माझी ओळ? ती कुणी सांभाळायची?

पण आईला जाब विचारायचा तर कसा? घराच्या जिन्यापाशी पोचेपर्यंत तिला या प्रश्नाचा खरा आकार कळला. ‘तू त्या बाईला हे का सांगितलंस’ असं म्हटलं, की ती बाई मला कुठून माहीत हे सांगावं लागणार. ते सांगितलं, की एक्स-रेवाली बाई समुपदेशनाला येते हे आईला कळणार. आणि ते सांगायचा हक्क फक्त त्या बाईचा. म्हणजे राग आहे आणि त्याला तोंड नाही. तरीही चपला काढता काढता ती म्हणालीच, “आई, तू फोनवर लोकांना माझ्याबद्दल काही सांगतेस का गं?”

आई खिडकीत होती. जन्मभर चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहिलेली ही बाई अजूनही माणसाकडे बघताना आधी नाकाची रुंदी बघते, असं बाबा होते तेव्हा म्हणायचे. आताही तिनं लेकीकडे तसंच पाहिलं. “मी काय सांगणार? तू मला काही सांगशील तेव्हा मी पुढे सांगेन ना! सकाळी ‘जाते’, संध्याकाळी ‘आले’. एवढ्यावर कुणाचं मनोरंजन होतं?”

“ते वर्ष सांगितलंस.”

“कोण म्हणालं?”

“कुणी नाही. मी विचारतेय.”

आई हातातला रोपं धरायचा चिमटा खाली ठेवून म्हणाली, “सांगितलं. आणि सांगेन. ते वर्ष काय तुझं एकटीचं होतं होय गं? तू दाराच्या आत होतीस. बाहेर कोण बसलं होतं? मी दुकानात लोकांचे नंबर काढत होते आणि डोक्यात एकच, घरी गेल्यावर ही असेल ना. तेव्हा एका जीवाला बोलले नाही मी. तुझं शिक्षण, तुझं नाव, तुझं पुढचं. आता माझं तोंड उघडलंय तर उघडू दे.”

एका वर्षाचे दोन मालक असू शकतात, ही गोष्ट नियमांच्या कुठल्याच ओळीत नव्हती.

मॅडम, म्हणजे तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या मार्गदर्शक, दुसऱ्या दिवशी सगळं ऐकून घेताना पेन्सिलला टोक करत होत्या. त्या मन लावून ऐकत असल्या की टोक करत, आणि ऐकण्याजोगं फार असलं की पेन्सिल संपून जाई. “अशी केस माझ्याकडे आली नव्हती,” त्या म्हणाल्या. “स्वतःची दारं सगळे बंद करतात. आईचं दार कुणाच्या लक्षात येत नाही.” मग त्या कामाचं बोलू लागल्या. क्लायंट आणि आपल्या घरचं माणूस यांचं असं गुंतलेलं नातं चालणार नाही, हे उघड होतं. पण ही केस तिची अंतिम परीक्षेची केस होती. मोडली तर सगळं पुढच्या तुकडीबरोबर नव्यानं. “आणि तुझा आलेख किती सुंदर आलाय,” मॅडम म्हणाल्या. तो खरंच सुंदर होता. बाईच्या त्रासाची रेघ आठवड्यामागून आठवडे कशी उतरत आली ते तिनं स्वतः काढलं होतं, आणि एकटी असताना ती कधी कधी तो आलेख नुसता बघत बसे.

“आईचा फोन कोण लावून देतं?” मॅडमनी विचारलं.

“मीच. ॲप्स, पासवर्ड, सगळं.”

“मग झालं तर. निवडुंगाचा ग्रुप बंद कर, तिचा नंबर ब्लॉक कर. आईला काही सांगू नकोस, म्हणजे गोपनीयताही राहिली. म्हाताऱ्या माणसांच्या फोनचं काहीतरी बिघडतच असतं.”

हे त्या वाईटपणानं म्हणत नव्हत्या. तिचं भलं व्हावं म्हणून म्हणत होत्या, आणि म्हणूनच ते तिच्या अंगाला चिकटून राहिलं. घरी जाताना, भाजी निवडताना, आंघोळीचं पाणी काढताना ते वाक्य बरोबर होतं. कुठे चूक आहे त्यात? नियम पाळला जातो. क्लायंटला मी मिळते. मला परीक्षा मिळते. आईला, ती म्हणाली स्वतःशी, आईला दुसरी मैत्रीण मिळेल. निवडुंगवाल्या काय कमी आहेत जगात?

संधीही आपल्या पायांनी चालत आली. रविवारी दुपारी आईनं फोन तिच्या मांडीत टाकला. “बघ गं हा काय म्हणतोय. जागा भरली म्हणे. माझ्या एवढ्याशा फोटोंनी याचं पोट भरतं कसं?” फोन हातात आला. यादीत वरचंच नाव त्या बाईचं होतं. नावाशेजारी चेहरा नव्हता, एक लहानसं काटेरी रोप धरलेला हात होता. तो हात ती ओळखत होती, नखं अगदी बारीक कापलेली, करंगळीजवळ भाजल्याची जुनी खूण. आत काय लिहिलंय ते वाचायचं नाही, हे तिनं बोटाला बजावलं. नुसतं दाबून धरायचं होतं. मग एक लाल शब्द आला असता आणि त्यावर एकदा टेकवायचं होतं.

“ती बघ माझी मैत्रीण,” आई पाठीमागून वाकून म्हणाली. “भारी खट बाई आहे. रोज संध्याकाळी फोन करते. तिला मधूनच श्वास लागतो, घाबरते. मग मी काय करते, भांडण काढते. ‘परत पाणी घातलंस ना? मारलंस ना त्या रोपाला?’ असं म्हटलं की ती अशी तावातावानं भांडायला लागते की श्वासाचं विसरूनच जाते. परवा मला ‘अडाणी’ म्हणाली! मला! मी म्हटलं, बाई, तुझा चष्मा बदलायला झालाय.” आणि आई हसली. ते हसणं तिनं बाबा गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

तिचं बोट काचेवर तसंच राहिलं. आलेख डोळ्यांपुढे आला, ती सुंदर उतरती रेघ. आपण बाईला शिकवलेलं पोटानं श्वास घेणं, विचारांना नावं देणं, घरी करायचा सराव, आणि त्याच आठवड्यांमध्ये, त्याच रेघेखाली, रोज संध्याकाळी चाललेलं हे भांडण. एका प्रयोगात दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाचा परिणाम कुठला, हे कुणी सांगू शकत नाही, हे तिला पहिल्या वर्षाच्या प्रयोगवहीपासून माहीत होतं. रेघ माझी नाही. आईचीही नाही. कुणाची ते कळणारच नाही. तिला आधी काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं वाटलं, मग लाज, आणि लाजेच्या तळाशी एक टणक, थंड, जवळजवळ आनंदी असं काहीतरी हाताला लागलं. नाही. मी हे करणार नाही. क्लायंटच्या आयुष्यात चोरून हात घालायचा नाही असं आम्हाला शिकवता, आणि आईच्या आयुष्यात घातला तर ती फोनची दुरुस्ती? आई माझी क्लायंट नाही म्हणून तिच्या बाबतीत सगळं माफ? जो नियम पाळण्यासाठी एका म्हाताऱ्या बाईला फसवावं लागतं, तो नियम मी पाळला असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? तिनं नाव सोडून दिलं, जुने दोनदोनदा आलेले फोटो काढून टाकले आणि फोन परत केला. “झाली जागा,” ती म्हणाली.

“एवढ्यात?” आई म्हणाली. “देवासारखी आहेस.”

पुढच्या भेटीत एक्स-रेवाली बाई दाराजवळच्या खुर्चीत बसली. हिनं त्या बाईला सगळं साधेपणानं सांगितलं. दोन्ही नाती एकत्र चालणार नाहीत. आईला मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. मी तुम्हाला दुसऱ्या चांगल्या समुपदेशकाकडे—

“म्हणजे मी पार्सल,” बाई मध्येच म्हणाली. “इकडून उचला, तिकडे ठेवा. मला कुणी विचारणार आहे की नाही?”

खरंच, सगळ्या विचारात ही एक गोष्ट तिनं केली नव्हती. मॅडमनी नाही, तिनंही नाही. “विचारते,” ती म्हणाली. “तुम्हाला काय हवंय?”

बाईचा श्वास थोडा वर चढला, मग तिचा तिनंच खाली आणला. “तुम्ही चांगल्या आहात,” ती म्हणाली. “इथे आले की मला नीट दिसायला लागतं. पण राग मानू नका, तुमच्याशी भांडता येत नाही. काहीही म्हटलं की तुम्ही समजून घेता. मला तुमच्या आई हव्यात.”

ते लागलं. लागायचं तिथेच लागलं. पण पायांची बोटं या वेळी आखडली नाहीत. “ठीक आहे,” ती म्हणाली. “एक विचारू? माझी आई माझ्याबद्दल बोलायला लागली तर—”

“तर मी पाण्याचा विषय काढेन,” बाई म्हणाली, आणि दोघी हसल्या. शिकवल्यापेक्षा जरा जास्त.

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. “म्हणजे केस अपूर्ण.”

“अपूर्णच मांडणार आहे. आलेखासकट. ही रेघ माझ्यामुळे उतरली की नाही, मला माहीत नाही, असं खाली लिहिणार आहे.”

“परीक्षक फाडून खातील तुला.”

“खाऊ देत.”

“एक साधं बटण होतं. कुणाला कळलंही नसतं.”

“मला कळलं असतं, मॅडम. आणि रोज तिच्या हातचा चहा प्यायचा होता.”

“वर्ष जाईल तुझं,” मॅडम म्हणाल्या, पण जरा हळू.

“माझी वर्षं जायची मला सवय आहे,” ती म्हणाली, आणि हे वाक्य बाहेर पडल्यावर तिला नवल वाटलं. ते वर्ष तिनं या इमारतीत पहिल्यांदाच उच्चारलं होतं, आणि छत जिथल्या तिथे होतं.

वर्ष गेलं. दाढीवाल्याला नोकरी लागली, ती नव्या तुकडीत सगळ्यात मागच्या बाकावर बसू लागली. दगडाचा फोटो तिनं काढला नाही, तो तिला आवडत होता. घरी एकच गोष्ट बदलली. संध्याकाळी आईचा फोन वाजला, की ती असेल तिथून उठे, चपला घाली आणि खाली जाई. त्या बाईचं काहीही आपल्या कानावर पडता कामा नये. ती आता तिची क्लायंट नव्हती, म्हणून ते ऐकायला मोकळं झालं, असं तिला वाटत नव्हतं. सुरुवातीला आईनं दुर्लक्ष केलं, मग टोमणे सुरू झाले. माझ्या मैत्रिणीचा एवढा कसला गं राग? शिकलेल्या लोकांना आमच्यासारख्या बायकांच्या गप्पा टोचतात वाटतं? जळतेस का? ती प्रत्येक वेळी म्हणे, “नाही.” त्यापुढे सांगण्यासारखं खूप होतं आणि त्यातलं काहीच तिचं नव्हतं.

आजही फोन वाजला, आणि ती खाली येऊन इमारतीच्या पायरीपाशी उभी राहिली. समोरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं, कुणीतरी सायकलची साखळी चढवत होतं. वरच्या खिडकीतून शब्द ऐकू येत नव्हते, इतकं अंतर तिनं शोधून काढलं होतं. नुसता आईचा चढलेला आवाज येत होता, भांडणाचा, मग मध्येच हसण्याचा. ती तशीच उभी राहिली. हसणं संपून खिडकी शांत झाल्यावर वर गेली.

आई दारातच होती, फोन अजून हातात गरम. “कुठे होतीस?”

“खाली.”

“काय करत होतीस?”

“काम.”

“खाली नुसतं उभं राहायचं, हे काय काम झालं?”

“हो,” ती म्हणाली, आणि चपला काढून अनवाणी आत गेली. “माझं आहे.”